दोन बोटं माया

दुकानात शिरले की मी कुर्ता आधी उलटा करते.
रंग मग बघू.
आधी शिवण, इंचाला टाके किती,
काजं हातची की मशीनची,
आणि आत माया सोडलीय का.

शिवणकामात माया म्हणतात तिला,
टाक्याच्या पलीकडे राखून ठेवलेल्या कापडाला,
उद्या अंग भरलं तर उसवून सैल करायला.
हे आईचं शिक्षण. ती हडपसरला एका युनिटात
कॉलरी लावायची, नगावर पैसे.
दिवसाला ऐंशी.
घरी आली की तिचीच मान वळायची नाही.

एफसी रोडला दोनशे नव्याण्णव.
ऋजुता म्हणते, "घे ना, चार रंग आहेत."
मी फुटपाथवरच वजाबाकी मांडते:
कापड गेलं, बटणं गेली, भाडं, टेम्पो,
मधल्या तिघांचे हात,
खाली उरतात अकरा रुपये.
अकरा रुपयांत कुणीतरी बाह्या, गळा, घेर, सगळं.
"आई, चल. लोक बघतायत."

लक्ष्मी रोडवर विचारलं, "हे विणलं कुणी?"
गादीवरून उत्तर आलं, "ताई, माल ट्रकनं येतो.
ट्रकला विचारा."

म्हणून नारायण पेठेतला तो बोळ.
एक ते चार बंद,
आणि चारनंतरही पोरेकाका
उपकार केल्यासारखंच शटर वर करतात.
'हात पुसून कापडाला लावावेत', ही पाटी.
खणाचं कापड मागितलं
तर ताग्याची कड अंगठ्यानं चाचपत म्हणाले,
"हा चन्नवीरचा. इथं वीण सैल पडलीय बघा, वीतभर.
त्या आठवड्यात गुडघा धरला होता त्याचा,
पावडी नीट दाबली जाईना.
नको असेल तर आत्ता सांगा,
घरी नेऊन परत आणायचं नाही."

घेतलं.
शिंप्याला बजावलं, ती वीत काखेत दडवू नका,
समोर येऊ द्या.

महाग आहेच. दिवाळीला एक, बस.
बाकी वर्ष रविवार पेठेतले मुश्ताकभाई रफूगार
जुन्याला जुनं जोडून पुढं ढकलतात.
भोक कुठं होतं ते मलाही सापडत नाही,
आणि ते चष्मा कपाळावर सारून म्हणतात,
"कापड चांगलं होतं म्हणून धागा ऐकला."

खोटं कशाला बोलू,
गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी
तुळशीबागेतून ऋजुताला घागरा आणला,
दीडशेला, उलटा न करता.
लखलखत होता. तीही.

परवा तो कमरेत उसवला.
तिनं स्वतःच उलटा केला, दिव्याखाली धरला,
सुई ओवलेली तशीच हातात.
बराच वेळ बघत होती.
"आई," म्हणाली,
"इथं धरायला काहीच ठेवलं नाहीये."