राखीव

उद्यमबागेत सहाला भट्टी उतरते
तेव्हा वरच्या ऑफिसची काच अजून कोमट असते.
काचेमागे मी बसतो.
माझ्याकडे लोखंड येत नाही, लोखंडाचे एक्स-रे येतात:
पंपाचं एकेक कवच, चार बाजूंनी.
जर्मनीच्या गिऱ्हाइकाला ते दहा वर्षं जपलेले हवेत.
नग तिकडे पोचतो, बसतो, पाण्याखाली फिरतो,
चित्र आमच्या गळ्यात.
आजवर बासष्ट टेराबाइट.
मुदत संपलेले पुसून, नवे धरून,
महिन्याला दीडची भर.

बेंगळुरूहून श्रुती हिरेमठचा फोन आला.
अर्धं कानडी, अर्धं हिंदी, आकडे सगळे इंग्रजीत.
शंभर टेराबाइट तीन वर्षांसाठी राखून ठेवा,
आज शंभर पैसे मोजता तिथं बासष्ट मोजा.
शंभराहून लहान तुकडा नाही.

"म्हंजे रुमाल टाकणं की," गुंडूअण्णा म्हणाले.
"खानापूरच्या गाडीत खिडकीतनं टाकतात तसा."
नाही अण्णा, रुमालाला तिकीट नसतं.
इथं सीट तुमची आणि तिकीट दर महिन्याला,
बसा नाहीतर बसू नका.
या महिन्याची रिकामी जागा पुढच्या महिन्यात चालत नाही,
ती गाडी गेली.
शंभराच्या वर एक जरी झाला
तर तो उभ्यानं, पूर्ण भाड्यात.
चढण्या-उतरण्याचे पैसे निराळे:
चित्र आत ठेवलं, मोजलं. मागवलं, मोजलं.
सवलत नुसती बसून राहण्यावर.

"आणि मधीच उतरलो तर?"
त्यावर करारात एक परिच्छेद आहे.
मी तो तीनदा वाचला.
उतरता येतं असं काही वाटत नाही.

वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं.
बासष्ट, शंभरच्या दरानं.
शंभर, बासष्टच्या दरानं.
दोन्हीकडं एकच आकडा.
खोडून पुन्हा केलं. तोच.
म्हणजे आजच्या तारखेला एवढ्या सवलतीतून
एक चहासुद्धा सुटत नाही.
काम वाढत राहिलं तर उद्यापासून फायदा,
सव्विसाव्या महिन्यात जागा शिगोशीग.
जर्मनीनं तोंड फिरवलं, नवे थांबले,
जुने मुदतीनं एकेक गळत गेले,
तर आम्ही रिकाम्याचं भाडं भरत बसणार,
तेही वेळेवर.

अण्णांनी आकडा बघितला, काही बोलले नाहीत.
जिना उतरून वाळूत गेले.
मी काचेतून पाहत होतो,
ऐकू आलं ते नंतर भरमानं सांगितलं म्हणून.
"भरमा, दिवाळीच्या म्होरं काम हाय असं वाटतंय तुला?"
भरमा गुडघ्यावर, हातात पोचारा,
साच्याच्या आतली कड ओली करत होता,
जिथं अजून काहीच नव्हतं.
"मी मोकळं करून ठेवूलोय मालक.
वतायचं काय ते तुमी बघा."

मंगळवारी सही झाली.
दारावरची पाटी कानडीत, करार इंग्रजीत,
सही मराठीत,
मुचंडीकरातला च नेहमीसारखा उघडाच राहिलेला.
श्रुती म्हणाली, धन्यवादगळु.
अण्णा म्हणाले, बरं बरं, जेवलीस काय?

त्याच रात्री एक नग नापास झाला.
फ्लॅंजजवळ हवेचा बुडबुडा,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
बाहेरून हात फिरवला तर गुळगुळीत.
भरमानं तो उचलून भंगारात फेकला,
सकाळी वितळून तो दुसऱ्याच कशात तरी जाईल.

एक्स-रे मी वर चढवला.
नापास झालेलेही ठेवावे लागतात.
आता त्या दाण्याला कुठंतरी जागा आहे,
तीन वर्षं बासष्टच्या दरानं,
पुढची सात कितीनं
ते श्रुतीलाही माहीत नाही.