जॅकवेलमधली

पंप सुरू करण्याआधी मी आत टॉर्च मारतो.
फूटव्हॉल्व्ह बघायचा, हे निमित्त.
तळाशी, जाळीच्या मागे,
मांडीएवढा जाड, उभा केला तर माझ्या खांद्याला लागेल असा
अहिर.
साप म्हणाल तर गालामागे कल्ले आहेत.
मासा म्हणाल तर
मृगात ओल्या गवतावरून शेजारच्या व्हाळात जाताना
मी स्वतः पाहिलाय.

नऊ वर्षं मी त्याला 'तो' म्हणत होतो.

नोंदवहीत सगळं लिहितो,
किती वाजता चालू, किती वाजता बंद, व्होल्टेज,
टीसीएल पावडर किती चमचे.
त्याचा रकाना नाही.
पावडर वरच्या टाकीत टाकतो, इथे नाही.
विचारलंच कुणी तर नियमही तोच आहे.

बारक्या मुकणे, कातकरवाडीतला,
जन्मभर मुळांखाली हात घालून खेकडे काढलेला,
एकदा वाकून बघत म्हणाला,
"बाई हाय ती.
बापे एवढं वाढत नाहीत. ते खाली खाडीतच ऱ्हातात."
त्या दिवसापासून आत वाकताना
मी बनियनवर शर्ट घालतो.
हसा.

गेल्या भादव्यात तिने खाणं सोडलं.
कोंबडीचं आतडं तीन दिवस तसंच तरंगलं.
पोट रुपेरी झालं. डोळे मोठे होत गेले,
इतके, की टॉर्च मलाच खाली करावा लागला.
बारक्या सुपारी कातरत होता.
"निघाली," एवढंच.

अवसेला नदी कठड्यावरून आत आली.
वीज नव्हती, म्हणून मी झोपलो.
सकाळी जाळी जागेवर. तळ मोकळा.

फुणगूसच्या खाली पाणी खारट लागलं असेल तिला.
जयगडला जेट्टीचे दिवे रात्रभर जळतात,
ते कसे ओलांडले?
पुढे समुद्र.
त्यात कुठेतरी अंडी घालते म्हणे, आणि संपते.
कुठे, ते बारक्याला ठाऊक नाही.
कॉलेजातून मासे मोजायला आलेल्या मुलीलाही नाही.
तिने वहीत प्रश्नचिन्ह काढलं
आणि आमच्याकडचं पाणी प्यायली.

परवा जाळीच्या भोकातून
काडीएवढं काळपट काहीतरी
आत आलं, की मुळाचा तंतू होता.
मी बराच वेळ वाकून होतो.

पंप दहा मिनिटं उशिरा लागला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं :
व्होल्टेज कमी.