ठराव क्रमांक सात

विषय : गच्ची.
सूचक : रेहाना मुकादम, खोली एकोणीस, चौथा मजला.
अनुमोदक : (कोरं)

मी सचिव. बत्तीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले,
लोकांची घरं मला आकड्यांतूनच कळतात.
एकोणीसच्या मीटरचा तांबडा ठिपका एप्रिलपासून
धाप लागल्यासारखा लुकलुकतोय.

रेहानाबाई म्हणाल्या,
दुपारी शिलाई मशीनचं चाक चटका देतं.
लेकरू ओल्या लादीवर झोपतं,
ती वाळली की उठून पुढच्या लादीवर.
एसी घ्या, कुणीतरी म्हणालं.
घेईन, त्या म्हणाल्या, पण त्याची गरम वाफ
तुमच्याच खिडकीत येईल, शेजारी आहात.

सगळे हसले.
मग वर्गणीचा विषय निघाला.

तळमजल्याचे श्रीनिवासन उभे राहिले.
"गच्ची चौथ्यावाल्यांच्या डोक्यावर.
आमच्या डोक्यावर पहिल्यावाल्यांची लादी.
आम्ही का द्यायचे?"
चूक काहीच नव्हतं. लिहून घेतलं.

गेल्या भाद्रपदातली उधाणाची रात्र
सगळ्यांना आठवली असणार.
खाडी गटारातून उलटी चढलेली,
श्रीनिवासनांचा फ्रिज जिन्यात आडवा,
आणि त्यांची आई एकोणिसात,
ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्यांवर दोन रात्री.
कुणी काढलं नाही.
मीही इतिवृत्तात घातलं नाही.
उपकाराला ठरावात रकाना नसतो.

खोलीमागे दीडशे ठरले. वीसपैकी अकरांनी दिले.
रंगवाल्याचं कोटेशन ऐकून
आम्ही कळीच्या चुन्यावर आलो.

चुना विरवायचा कसा, कुणालाच ठाऊक नव्हतं.
दिवागावच्या हिराबाई मढवी
जिन्याखाली निवट्यांची पाटी मांडतात, त्या म्हणाल्या,
"राती भिजवाचा. पानी आधी, कली मागून.
आनि डोलं जपा रं, उरतं."
त्यांच्या सासऱ्यांची शिंपल्यांची भट्टी होती.
आता शिंपल्याच कुठं तेवढ्या,
असं म्हणत त्या पुढच्या गिऱ्हाइकाचा वाटा लावू लागल्या.

शनिवारी रात्री पिंपात चुना रटरटला, चूल नसताना.
पोरं पोहण्याचे चष्मे लावून बघत बसली.

रविवारी पहाटे पाचला झाडू.
गच्चीवरून निघालं :
डिशची मोडकी छत्री, अर्धी सायकल,
दहा वर्षांपूर्वीच्या भांडणातली एक कुंडी.
चुन्यात फेविकॉल किती, यावर नवं भांडण.
ते मिटेपर्यंत सूर्य ऐरोलीच्या टॉवरांवर आला होता.

लिफ्ट नाही. बादल्या हातोहात चढत होत्या.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस कमी पडत होता,
आणि श्रीनिवासन तिथेच उभे होते,
जिन्यावर शिंतोडे पडतात ही तक्रार घेऊन.
कुणीतरी बादली पुढे केली. त्यांनी धरली.
बावन्न बादल्या गेल्या त्यांच्या हातून, मी मोजल्या.
वर्गणी अद्याप बाकी.

दोन हात मारून झाले तेव्हा
गच्चीकडे उघड्या डोळ्यांनी बघवेना.

नातीच्या शाळेतून तापमापक आणला होता.
एकोणिसातलं, दुपारी अडीचचं :
आधी एकोणचाळीस, नंतर पस्तीस.
पण त्या दिवशी वाराही होता,
म्हणून मी ते पेन्सिलीनं लिहिलंय.

मे महिन्यात एकोणीसचं बिल बावीस युनिटनी उतरलं.
खाडी बोटभरही उतरली नाही.
दोन्ही आकडे एकाच पानावर आहेत.

समोरच्या इमारतीनं कुंचले मागितले.
पाच दिले, तीन परत आले, एकाला केस नाहीत.
त्यांचं पिंप परवा रात्री रटरटताना ऐकलं.

पावसात निम्मा चुना धुऊन जाईल.
तेव्हा हा ठराव दर मार्चला पुन्हा वाचावा,
आणि पिंप कुणी भंगारात देऊ नये.

काल दुपारी हीच नोटीस द्यायला चौथ्यावर गेलो.
दार लोटलेलं, मशीन चालू.
लेकरू झोपलं होतं.
मी थोडा वेळ थांबलो.
लादी बदलली नाही त्यानं.
नोटीस दाराखालून सरकवली, आवाज न करता.