भौतिक की रसायन

वेंगुर्ल्याच्या बॅनरवाल्याने विचारलं,
‘भौतिक की रसायन? एक काय ते सांगा,
दोन्ही एका ओळीत मावत नाहीत.’
मी म्हटलं, दोन्ही.
खाजण कसं, खाडीचं म्हणा की जमिनीचं,
भरतीला विचारून ठरतं,
तसंच काहीतरी असावं.
त्याने दोघांच्या मध्ये एक जाड रेघ मारली
आणि बायचा फोटो मागितला.

माझ्याकडे होता तो शिरोड्याच्या मिठागरातला.
परकर गुडघ्याशी खोचलेला, हातात दांताळं,
वय अकरा. तो चालणार नव्हता.

पत्र शाळेच्या सरांनी दोनदा वाचून सांगितलं:
द्रवातून स्फटिक जन्मताना
पहिला कण कधी धरतो, कुठे धरतो,
याचं गणित डॉ. शुभलता रेडकर यांनी मांडलं,
म्हणून हे पदक, सगळ्या जगातून एकीला.
समजलं? सर म्हणाले.

मला समजली ती फाल्गुनातली दुपार.
वाफ्यात पाणी तेलासारखं जड,
आबा तोंडावर बोट ठेवून उभे.
‘दाणो धरताना बोलाचा नाय. तेका कळता.’
आम्ही सगळे गप्प. बाय तेवढी उकिडवी बसून
पाण्याला विचारत होती,
पयलो कोण? तुका कोणी सांगला?
आबांनी पाठीत एक धपाटा घातला, ती हातांवर पडली,
आणि त्याच घटकेला पाण्यावर पापुद्रा आला,
काचेच्या चुऱ्यासारखा.
तिच्या बोलण्याने, की धपाट्याने?
रडायचं सोडून ती बघतच राहिली.

रात्री तिचा फोन. तिकडे बर्फ.
पदकाबद्दल एकच वाक्य, की जड आहे.
मग, ‘बक्षिसाचे पैशे येतले.
मानशीची फळी बदलून घे, बांध घाल.
मीठ धरला काय रे?’

मी बांधावरच उभा होतो.
तीन वर्षं झाली, खाजण कोळंबीला दिलंय.
ठेकेदाराचा पिवळा बल्ब, त्याखाली
हवा मारणारी चाकं रात्रभर पाणी घुसळतात,
पाण्याला कसली म्हणून उसंत नाही.

‘धरला,’ मी म्हटलं.
‘ह्यो आवाज कसलो?’
‘वारो.’

ती गप्प झाली. फोन कानाला तापेपर्यंत गप्प.
‘वाऱ्यात बारीक दाणो येता,’ म्हणाली.
‘रवांदे.’

बॅनर उद्या तिठ्यावर लागेल.
रेघेसकट.