थर्मास

गमबूट घट्ट बसले ना? मग निघू.
मी मासेरेका. आमच्या कोंझो लोकांत
नावावरूनच कळतं, आईचा कितवा.
मी तिसरा मुलगा. थोरला खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर,
मधला कंपालात मोटारसायकल चालवतो.
वाटणीत डोंगर उरला, तो माझा.

नाही बाई, या थर्मासात चहा नाही.
चहा कुलेच्या किटलीत आहे. हा राहू द्या.

आणि अजून किती, असं विचारू नका.
इथे अंतर कोणी मोजत नाही, चिखल मोजतात:
घोट्यापर्यंतचा, पोटरीपर्यंतचा,
आणि बिगोच्या दलदलीतला तो,
ज्यात एका डॉक्टरसाहेबांचा डावा बूट
अजून एकटाच चालतो आहे.
गवताच्या गड्ड्यावर पाय द्या.
त्या नव्हे!
हं. आता टाच आधी, हळूच काढा.

थांबा, तो सरडा बघा. तीन शिंगं.
तोही वरच निघालाय, पण त्याला पोचायचं नाही कुठे.

रात्री पत्र्यावर पाऊस. तुम्हाला झोप नाही,
श्वास मोजत पडलाय, मला ऐकू येतंय.
बाहेर लोबेलियानं पानं मिटून
आपल्याच कोंबावर पांघरूण घातलंय.
तसं करा. टोपी कानांवर ओढा.
माझे बाबा कपाळाला पट्टा लावून
साहेबांची ओझी आणायचे, अनवाणी.
बर्फाच्या कडेला ओझं ठेवायचे आणि पाठ फिरवायचे.
आत कितासांबा राहतो, म्हणायचे,
कुणाच्या घरात असं डोकावू नये.
मी डोकावतो. फी घेऊन डोकावतो.
झोपा आता, दोनला उठायचंय.

दोर ओढू नका, नुसता हातात असू द्या.
कुऱ्हाड डोंगराच्या बाजूला.
ही शिडी.
माझ्या पहिल्या वर्षी इथे शिडी नव्हती.
ओट्यावरून घरात शिरावं
तसा बर्फावरून खडकावर पाय टाकायचो.
मग पाय पुरेना. मग लाकडाची आणली,
मग लोखंडी, मग तिलाही तुकडे.
शिडी लोक वर जायला वाढवतात,
आम्ही ही खालून वाढवत आलोय.
दर वर्षी एक-दोन पायऱ्या, बर्फ बसत जाईल तशा.

पोचलात.
बसा. रडू आलं तर येऊ द्या, सगळ्यांना येतं,
मागे एक न्यायाधीशही रडले.
फोटो काढतो. पाटीला रेलू नका, सैल झालीय.
त्या बाजूला काँगो आहे, माझ्या मावशीचं घर आहे.
आज ढगच आहेत, विश्वास ठेवा.

आता थर्मास द्या इकडे.

माझी आई बांबूच्या रानापलीकडे कधी आली नाही.
डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या फेरीला म्हणाली,
मरायच्या आधी तुझं ते पांढरं एकदा दाखव.
फोडून भरलं ठासून. चार दिवस उतरलो.
झाकण उघडलं तर पाणी.
तिनं बोट बुडवलं, चाटून बघितलं,
म्हणाली, याला चहाचा वास येतोय.
मग म्हणाली, एवढंसं?
झाकण तिनंच परत लावलं.
तिकडे कमी पडत असेल,
जाशील तेव्हा ठेवून ये.

तर हे ओततो इथे, या फटीत.
हसा हवं तर, कुलेही हसतो.
बघा, कडेनं धरायला लागलं.

चला, धुकं वर येतंय.
शिडीकडे तोंड करून उतरायचं,
दोन्ही हात, घाई नको.
शेवटच्या पायरीनंतर थोडी उडी आहे.
मागच्या फेरीला नव्हती.