अर्धा अंश

मोरावियातल्या त्या गावात
नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
ब्लाजेना कुबेशोवा चष्मा कपाळावर सरकवते
आणि पेटीतला जायरो तळहातावर घेते.
एखाद्या सफरचंदाएवढा.
आत भोवरा, जाळीशिवाय फिरणारा,
तासाला अर्ध्या अंशाहूनही कमी ढळणारा.

नियमाची रेघ नेमकी तिथेच ओढलेली.
जास्त ढळलास तर जा बाबा, तुझी वाट मोकळी.
कमी ढळलास तर थांब,
कागद दाखव,
कुणाच्या घरी निघालास ते सांग.

फार सरळ चालतो म्हणून
कुणाला वेशीवर अडवलेलं मी इथेच पाहिलं,
असं ती एकदा म्हणाली होती.
जेवणाच्या टेबलावर कुणीच हसलं नाही.

आपल्याकडे म्हणतात,
डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं.
याचंही तसंच.
एक स्थळ विमानाचं :
धुक्यात धावपट्टी चाचपडणारं,
पोटात झोपलेली चाळीस माणसं.
दुसरं स्थळ
जिला फक्त जायचं असतं, तिचं.
भोवऱ्याला दोन्हीकडे सारखंच नांदता येतं.

आज दोन अर्ज.

पहिला सुबक टाइप केलेला. नग अकरा.
विमान एकच, तेही पिकावर औषध फवारणारं.
पैसे आगाऊ.
बसवून द्यायला आमचा माणूस पाठवू? नको.
शिकवायला? नको.
हमीपत्र तरी? तेही नको.
नकाशात पत्ता शोधला,
तर तिथे गालिचे धुण्याचं दुकान
आणि शंभर मैलांत हिरवं काही नाही.
ती त्यावर लाल कागद चिकटवते. हात कापत नाही.

दुसरा अर्ज सहा महिने प्रागला जाऊन येऊन
कडा दुमडलेला.
डोंगरातला दवाखाना, एक जुनं विमान, एक नग.
अंतिम वापर करणाऱ्याची सही चुकीच्या चौकटीत,
शिक्क्यात गावाच्या नावातलं एक अक्षर गळालेलं.
सोबत वैमानिकाची चिठ्ठी :
आम्ही नदी बघून उडतो, बाई.
नदी दिसत नाही तेव्हा उडत नाही.
गेल्या मंगळवारी उडलो नाही.

एवढंच. मंगळवारचं पुढे काही नाही.

फॉर्ममध्ये रकाने सव्वीस.
नग, किंमत, देश, वापर, वापराचा वापर.
ती पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवते.
परत येणार का,
असा रकाना कुठेच नाही,
आणि विचारायचं तर तेवढंच असतं.

मग ती दुसरा अर्ज स्वतःच्या अक्षरात नव्याने भरते,
सहीच्या चौकटीपाशी पेन्सिलने बाण काढते,
गळालेलं अक्षर मात्र भरत नाही.
ते त्यांनीच भरायला हवं. नियम आहे.
म्हणजे आणखी तीन आठवडे.
म्हणजे आणखी तीन मंगळवार.

चाचणीच्या ओट्यावर दुसरा एक जायरो
दुपारपासून फिरतोय.
काटा हळूहळू सरकलेला दिसतो,
पण सरकला तो नाही :
ओटा सरकला, भिंत सरकली,
गाव, चर्च, बसथांबा, सगळी पृथ्वी
त्याच्याभोवती तासाला पंधरा अंश.

ती बटण बंद करते.
तरी तो बराच वेळ फिरत राहतो.
तेवढा वेळ ब्लाजेना कोट घालून,
एक हातमोजा चढवून,
दाराशी उभी असते.