तीन ठोके

अंबडच्या कारखान्यात, चौथ्या लाइनवर,
एकोणीस वर्षं मी इंडिकेटरच्या दांड्या तपासल्या.
खाली उजवा, वर डावा.
मिनिटाला पंच्याऐंशी ठोके;
घाईत वाजला तर लाल ट्रे,
रेंगाळला तरी लाल ट्रे.
कान इतका तयार झाला
की रात्री मोरीतला नळ गळायला लागला
तर झोपेतच म्हणायचे: साठाच्या खाली, नापास.

दिवसाला सातशे. पुढचा हिशोब नका करू.
मी केला होता एकदा जेवणाच्या सुट्टीत
आणि डबा तसाच घरी नेला.

एवढ्या दांड्या जातात कुठे?
कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून रोज बघायचे.
गरवारेपाशी पूल चढताना
डावीकडून क्रेट लादलेला पिकअप शिरायचा,
उजवीकडून जीप,
मधल्या फटीतून कोणाची तरी नवी कोरी पांढरी गाडी,
नंबरसुद्धा न आलेली.
एकाचाही दिवा लुकलुकायचा नाही.
आमचे ड्रायव्हर शिरसाठ म्हणायचे,
"आधी सांगितलं ना ताई,
तर मागचा जागा देत नाही, उलट दामटतो."

असेलही.
यशवंतने पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकला
तेव्हा त्याचंही हेच म्हणणं होतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले.
जुनी, राखाडी, मागच्या काचेवर
कोणाच्या तरी ओमकारचं अर्धं खरवडलेलं नाव.
गांगुर्डे मास्तर शेजारी, पाय त्यांच्या ब्रेकवर.
आरसा. दांडी. तीन ठोके मोजा.
मान वळवून बघा. मग चाक.
"आणि दिवा लावला म्हणजे रस्ता नावावर झाला
असं नाही हं बाई.
दिवा म्हणजे विचारणं."

पण ट्रकवाल्यांची भाषा त्यांनाही नीट सांगता आली नाही.
विल्होळीच्या पुढे ट्रक उजवा दिवा लावतो,
म्हणजे "मी येतोय" की "तू जा पुढे"?
क्लीनरचा हात खिडकीबाहेर हलतो,
तो बोलावतोय, थांबवतोय,
की नुसता वारा घेतोय?
वाचायला वेळ दीड सेकंद.
मास्तर म्हणाले, "तेव्हा देवाचं नाव घ्यायचं,"
आणि लगेच, "नाही नाही, मागेच राहायचं."

पहिल्यांदा एकटी निघाले ती रविवारी.
पांडवलेणी डोंगरासकट मागे गेली,
पुढे उसाची ट्रॉली, मागून सोळा चाकांचा ट्रक.
दांडी खाली.
एक, दोन, तीन.
मान वळवली. तो होताच.
चार, पाच. हात घामेजले.
सातव्या ठोक्याला त्याने हेडलाइट एकदा मिचकावला
आणि मागे सरला,
अख्खा टेम्पो मावेल एवढी जागा ठेवून.

मी शिरले.
माझ्या विचारण्यावर इतकं वजन कोणी आवरून धरलेलं
मला तरी आठवत नाही.
आरशात हात वर केला.
त्याला दिसला की नाही, कोण जाणे.

वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे
बाइकवरच्या पोराने काचेवर टकटक केली,
"मावशी, इंडिकेटर!"

विल्होळीपासून चालूच होता.
एवढी वाट मी मागच्यांना सांगत आले होते
येते, येते, येते,
आणि आले तर कुठेच नव्हते.
एकोणीस वर्षांचा कान, आणि ऐकू नाही आलं.
लेन बदलणं हे इतकं बारीक वळण
की चाक पुरतं फिरत नाही,
दांडी आपली आपण परत येत नाही.
हे मला माहीत होतं की.
तपासणीच्या तक्त्यावर सतरावा रकाना त्याचाच.

हाताने बंद केला.
मग वाटलं, चहा घ्यावा.
डावा लावला.
मागे रस्ता रिकामा, पार वळणापर्यंत.
तरी मोजले.